अलास्का क्रूझ: बंदरावर उतरून स्वतःचं स्वतः फिरता येतं का? (नागपूरहून, आई-बाबांसोबत)

मोतीबागची_लेक
१२ जानेवारी

नमस्कार मंडळी,
मेच्या शेवटच्या आठवड्यात अलास्काची क्रूझ बुक केली आहे. सिएटलहून निघायचं आणि सात रात्रींनी परत सिएटललाच. मी, नवरा, आई आणि बाबा असे चौघं. बाबा ७१ वर्षांचे, चालायला अजून ठणठणीत. आई ६६ची, गुडघे दुखतात. सपाट रस्त्यावर अर्धा-पाऊण तास चालते, चढ-उतार नको म्हणते. शिवाय ती पूर्ण शाकाहारी. बाबांची सगळी नोकरी मोतीबागच्या नॅरोगेज वर्कशॉपमध्ये झाली, हे पुढे एका प्रश्नासाठी लागेल म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

जहाज जुनो, स्कॅगवे आणि केचिकन या तीन गावांना थांबतं. मध्ये एक अख्खा दिवस ग्लेशियर बे या हिमनद्यांच्या उपसागरात, तिथे उतरायचं नसतं. परतीच्या वाटेवर एका संध्याकाळी कॅनडातलं व्हिक्टोरिया.

प्रश्न असा की प्रत्येक बंदरावर जहाजाच्याच सहली घ्यायच्या का? चौघांच्या मिळून फार पैसे होतात. आमचं बुकिंग ज्यांनी केलं ते म्हणतात, सगळं जहाजाकडूनच घ्या, स्वतः फिरायला गेलात आणि उशीर झाला तर जहाज थांबत नाही. हे ऐकल्यापासून आई धास्तावली आहे. म्हणते, मग आपण उतरायचंच कशाला, वरूनच बघू. एवढ्या लांब जाऊन तिने बाल्कनीत बसून राहावं हे मला पटत नाही. ज्यांनी स्वतःचं स्वतः फिरून पाहिलंय त्यांनी खरं काय ते सांगा.

सिएटलवासी
१२ जानेवारी

ताई, मी मूळचा धरमपेठचा, चौदा वर्षांपासून सिएटलला आहे. अलास्काची क्रूझ तीनदा केली, त्यातली एक माझे आई-बाबा नागपूरहून आले होते तेव्हा. त्यामुळे तुमचा प्रश्न मला घरचाच वाटला.

आईंना आधी एक गोष्ट सांगा. या तिन्ही गावांत जहाज बहुतेक वेळा गावालाच लागतं. सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनातून बाहेर पडलं की समोर बाजार, तसं. गँगवे, म्हणजे जहाजातून धक्क्यावर उतरायचा पूल, उतरून पाच-दहा मिनिटं चाललात की मुख्य रस्ता. म्हणजे तुमचं घरच रस्त्याच्या टोकाला येऊन उभं आहे असं समजा. सकाळी दोन तास फिरा, गुडघे बोलायला लागले की परत या, बुफेत जेवा, तासभर पडा आणि वेळ असेल तर पुन्हा उतरा. जहाजाचं कार्ड दाखवून कितीही वेळा आत-बाहेर करता येतं. सहलीच्या बसमध्ये एकदा बसलात की ही मुभा जाते. माझ्या आईला सगळ्या क्रूझमध्ये हेच फार आवडलं होतं. शाकाहाराचा प्रश्नही यातच सुटतो, कारण ही गावं मासळीची आहेत, बाहेर शाकाहारी माणसाला पिझ्झा नाहीतर तळलेले बटाटे. दुपारचं जेवण जहाजावर येऊनच घ्या.

एक अपवाद लक्षात ठेवा. केचिकनला काही जहाजं गावात न लागता वॉर्ड कोव्ह नावाच्या धक्क्याला लागतात, तो गावापासून सुमारे सात मैल दूर आहे. तिथून गावात यायला फुकट बस असते, पण जाण्या-येण्याचा वेळ हिशेबात धरावा लागतो. तुमचं जहाज कुठे लागणार आहे ते आधीच बघून ठेवा.

आता जुनो. अलास्काची ही राजधानी, आणि बाहेरून तिथे एकही रस्ता जात नाही. बोटीने जा नाहीतर विमानाने. सगळे जातात ते मेंडेनहॉल ग्लेशियरला, गावापासून साधारण वीस किलोमीटर. जहाजाची सहल घेतली नाही तरी धक्क्यावरूनच खासगी शटल मिळते. शहराची साधी बसही आहे, दोन डॉलरची, सुटे पैसे लागतात. पण ती ग्लेशियरच्या माहिती केंद्रापर्यंत जात नाही, अलीकडे सुमारे अडीच किलोमीटरवर सोडते. तुमचे बाबा चालतील, आईंना ते अंतर जड जाईल. तिथे पोचल्यावर नगेट फॉल्स हा धबधबा बघायला सपाट पायवाट आहे, जाऊन-येऊन तीनेक किलोमीटर. आईंना नको असेल तर माहिती केंद्राजवळूनही ग्लेशियर समोर दिसतो.

धक्क्याला लागूनच माउंट रॉबर्ट्सचा रोपवे आहे, साडेपाचशे मीटर वर नेतो. त्याचं तिकीट मात्र आधी काढू नका. वर ढग असतील तर पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नाही. सकाळी खालून मान वर करून बघा, डोंगराचा माथा दिसला तरच घ्या.

आणि हे फार कुणी सांगत नाही. जुनोच्या धक्क्यावर एक पार्किंगची इमारत आहे, तिच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर शहराचं सार्वजनिक वाचनालय आहे. ऊब, स्वच्छतागृह, फुकट वायफाय, आणि खिडकीतून सगळी खाडी दिसते. पाऊस आला किंवा आई थकल्या तर सरळ तिथे नेऊन बसवा.

काटोल_रोड
१३ जानेवारी

सिएटलवासी भाऊंचं सगळं बरोबर आहे, पण उशिराची भीती खोटी नाही हेही सांगतो. आमचं जहाज चुकता चुकता राहिलं होतं.

अलास्काचं घड्याळ सिएटलपेक्षा एक तास मागे असतं. बहुतेक जहाजं आपली वेळ बदलून घेतात, आमच्या जहाजाने बदलली नव्हती आणि मी ते पत्रक नीट वाचलं नव्हतं. मोबाईलने मात्र गावात शिरताच स्वतःहून वेळ बदलली. जहाजावर परतायची शेवटची वेळ साडेचार. माझ्या मोबाईलमध्ये सव्वातीन वाजले होते, म्हणून आम्ही दुकानात निवांत बसलो होतो. बायकोच्या हातात साधं मनगटी घड्याळ, ते तिने सिएटलला लावलेलं तसंच होतं. तिने सहज बघितलं आणि म्हणाली, अहो, सव्वाचार वाजून राहिले. मुलीला कडेवर घेऊन जे पळालो ते आजही आठवलं की छातीत धडधडतं. पोचलो तेव्हा गँगवेच्या तोंडाशी दोघं कर्मचारी हातातली यादी बघत उभे होते.

म्हणून एक करा. चौघांपैकी एकाच्या हातात काट्यांचं घड्याळ असू द्या आणि ते फक्त जहाजाच्या वेळेवर ठेवा. रोज रात्री केबिनमध्ये येणाऱ्या पत्रकावर दुसऱ्या दिवशीची परतायची वेळ छापलेली असते, तिचा फोटो काढून ठेवा. ही वेळ जहाज सुटण्याच्या साधारण अर्धा तास आधीची असते. आम्ही आता त्याच्याही तासभर आधी परत येतो.

पासपोर्ट खाली उतरताना अंगावर ठेवायचा की केबिनच्या तिजोरीत, यावर दोन मतं आहेत. मी चौघांचेही घेऊन उतरतो. जहाज सुटलंच तर पुढच्या बंदराला आपल्या खर्चाने विमान पकडून जावं लागतं, तेव्हा पासपोर्ट जहाजावर असून काय उपयोग?

गोरेवाडा
१३ जानेवारी

ताई, व्हिसा बघितला का? भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा तर हवाच, पण व्हिक्टोरियासाठी कॅनडाचाही लागतो. गावात उतरणार नाही म्हटलं तरी जहाज कॅनडाच्या बंदराला लागतं, आणि कागद नसले तर सिएटललाच चढू देत नाहीत. अमेरिकेचा व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेशाचा आहे ना, तेही तपासा. कारण कॅनडाला लागून तुम्ही परत अमेरिकेत शिरता.

व्हिक्टोरियाला जहाज थांबतं त्यामागे १८८६चा एक अमेरिकी कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेच्या बंदरातून निघून, मध्ये परदेशी बंदर न घेता, अमेरिकेच्याच बंदरात प्रवासी उतरवता येत नाहीत. जवळपास सगळी मोठी क्रूझ जहाजं परदेशी झेंड्याची. म्हणून सिएटलची क्रूझ कॅनडाला शिवून येते, मग संध्याकाळचे चार तास का होईना.

मोतीबागची_लेक
१३ जानेवारी

सगळ्यांचे खूप आभार. अमेरिकेचा व्हिसा सगळ्यांकडे आहे, दहा वर्षांचा, अनेक प्रवेशांचा. कॅनडाचा अर्ज याच आठवड्यात करते. आईला काटोल_रोड दादांचा अनुभव वाचून दाखवला नाही, पण बाबांचं जुनं एचएमटी घड्याळ कपाटातून काढून चालू आहे का ते बघितलं. चालू आहे.

आता बाबांचा प्रश्न. स्कॅगवेला म्हणे नॅरोगेज गाडी आहे. ती घ्यावी का, आणि जहाजाकडूनच घ्यावी लागते का? बाबांनी स्वतःसाठी कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. ही गाडी तेवढी त्यांनी दोनदा विचारली.

वैदर्भी
१४ जानेवारी

घ्यावी का असं विचारूच नका, घ्या. बाकीची दोन बंदरं फुकट फिरा आणि वाचलेले पैसे या गाडीत घाला.

मी इतिहासाची शिक्षिका. स्कॅगवेला उतरण्याआधी थोडं वाचून गेले होते, म्हणून ते गाव मला नीट दिसलं. तिथून खूप पुढे कॅनडाच्या हद्दीत, क्लोंडाइक नदीच्या खोऱ्यात १८९६च्या ऑगस्टमध्ये सोनं सापडलं. बातमी बाहेर पोचायला वर्ष गेलं, आणि मग १८९७-९८ मध्ये सुमारे एक लाख माणसं घरदार सोडून निघाली. पोचली त्यातली तीस-चाळीस हजार. स्कॅगवे आणि शेजारचं डाये ही डोंगर चढण्याआधीची शेवटची गावं. कॅनडाचे पोलीस घाटाच्या माथ्यावर उभे असत आणि वर्षभर पुरेल इतकं सामान असल्याशिवाय पुढे सोडत नसत. म्हणजे माणशी जवळजवळ एक टन. ते पाठीवर वाहायचं तर एकाच चढावर वीस-तीस खेपा. व्हाइट पासच्या वाटेवर तीन हजार घोडे मेले. एवढं झाल्यावर १८९८ मध्ये रेल्वेचं काम सुरू झालं आणि १९०० साली पूर्ण झालं. तोवर सोन्याची लाट ओसरली होती. रेल्वे राहिली.

तुमच्या बाबांसाठी आकडे: रूळ तीन फुटी, म्हणजे ९१४ मिलिमीटर. आपली सातपुड्याची नॅरोगेज अडीच फुटी, ७६२. चढ ३.९ टक्क्यांपर्यंत. समुद्रसपाटीपासून वीस मैलांत ८७३ मीटरवर.

तिकीट रेल्वेच्या साइटवरही मिळतं. माथ्यापर्यंत जाऊन खाली न उतरता परत येणारी फेरी घ्या, पावणेतीन-तीन तास लागतात. कॅनडात आत जाणाऱ्या लांबच्या फेऱ्यांना पासपोर्ट-व्हिसा लागतो आणि वेळही फार जातो. वर जाताना डाव्या बाजूला बसा, दरी तिकडे आहे. डब्यांच्या टोकाला उघडा सज्जा असतो, तिथे उभं राहता येतं.

गाडीच्या आधी किंवा नंतर जुन्या स्टेशनाच्या इमारतीतलं राष्ट्रीय उद्यानाचं माहिती केंद्र बघा, फुकट आहे. गाव हजार-बाराशे वस्तीचं, मुख्य रस्ता एकच, पूर्ण सपाट.

फुटाळ्याची_संध्याकाळ
१५ जानेवारी

मी थोडं वेगळं लिहिते. माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या, आम्ही तिन्ही बंदरांवर जहाजाच्याच सहली घेतल्या आणि मला त्याचा अजिबात पश्चात्ताप नाही. बस गँगवेपाशी उभी, नाव पुकारलं की बसायचं, शटलच्या रांगेत थंडीत उभं राहायचं नाही. सहल लांबली तरी जहाज आपल्या सहलीच्या माणसांसाठी थांबतं. सासूबाईंना ही खात्री होती म्हणून त्या मोकळ्या मनाने फिरल्या. पैसे जास्त गेले, पण म्हाताऱ्या माणसाच्या मनावरचं ओझं गेलं. तुमच्या आईंचा स्वभाव काळजीचा असेल तर निदान एका तरी बंदरावर जहाजाची सहल घ्या.

सिएटलवासी
१५ जानेवारी

ताईंचं म्हणणं मला मान्य आहे. मी स्वतः असा हिशेब करतो: ठिकाण गावापासून किती दूर आहे, आणि परत यायला दुसरं वाहन मिळेल का? दूर असेल आणि वाहन एकच असेल तर जहाजाची सहल. देवमासे बघायच्या बोटी जुनोला गावातून सुटत नाहीत, ऑक बेहून सुटतात, तेही वीसेक किलोमीटर दूर. ती सहल मी जहाजाकडूनच घेतली. मेमध्ये हंपबॅक देवमासे तिथे आलेले असतात. हिवाळा हवाईच्या उबदार पाण्यात काढतात आणि उन्हाळ्यात खायला इकडे येतात. बोटीने त्यांच्यापासून शंभर यार्ड दूर राहायचं असा तिथे कायदा आहे, त्यामुळे दुर्बीण न्या. नागपूरकरांकडे पेंचची दुर्बीण असतेच.

मोतीबागची_लेक
२ मार्च

कॅनडाचा व्हिसा आला! आता कपडे. इथे लोक सांगून राहिले की लडाखसारखी तयारी करा. खरंच एवढं लागतं का?

सिएटलवासी
२ मार्च

नाही. मेअखेर जुनोला दिवसा चौदा-पंधरा अंश, रात्री पाच-सहा. आपल्या डिसेंबरातल्या पहाटेसारखी थंडी, फक्त ओली आणि वाऱ्याची. नागपूरच्या तिबेटी बाजारातले स्वेटर पुरतात, पण वरून पाणी आणि वारा दोन्ही अडवणारं जॅकेट पाहिजेच. छत्री नेऊ नका, वारा उलटी करतो. जाड एक कोट नेण्यापेक्षा पातळ तीन थर न्या, म्हणजे काढता-घालता येतात. कानटोपी, हातमोजे, आणि आईंसाठी न घसरणारे बूट. लाकडी फळ्यांचे रस्ते ओले असतात.

मे हा तिथला त्यातल्या त्यात कोरडा महिना. पण केचिकनला वर्षाला साधारण ३,८०० मिलिमीटर पाऊस पडतो, नागपूरच्या तिपटीहून जास्त. पाऊस लागला म्हणून कुणी घरात बसत नाही, तुम्हीही बसू नका.

मोबाईल जहाजावर एअरप्लेन मोडला ठेवा, नाहीतर समुद्रातल्या उपग्रहाच्या नेटवर्कला जोडला जाऊन मोठं बिल येतं. गावाचे नकाशे आधीच उतरवून ठेवा. आणि संत्री, केळी अशी ताजी फळं जहाजावरून खाली नेऊ नका, परवानगी नसते. चिवडा-भाकरवडीचं बंद पाकीट असलं तर आईंच्या पर्समध्ये राहू द्या.

गोरेवाडा
३ मार्च

ग्लेशियर बेच्या दिवशी पहाटे उठा. दिवसाला फक्त दोन क्रूझ जहाजांना आत सोडतात. उद्यानाचे रेंजर बोटीने येऊन जहाजावर चढतात आणि दिवसभर माहिती देतात. १७९४ साली व्हँकुव्हरची इंग्रज मोहीम तिथून गेली तेव्हा उपसागर असा नव्हताच, तोंडापर्यंत बर्फ होता. १८७९ मध्ये जॉन म्यूर हा निसर्ग-अभ्यासक आला तोवर बर्फ चाळीस मैलांहून जास्त मागे गेला होता. आज जहाज जिथून आत जातं ते सगळं तेव्हा बर्फाखाली होतं, हे डोक्यात ठेवून बघा. त्या दिवशी उतरायचं नाही म्हणून हळहळू नका.

मोतीबागची_लेक
१४ जून

परत आलो. इथल्या प्रत्येकाचं काही ना काही उपयोगी पडलं, म्हणून सविस्तर लिहिते.

निघालो तेव्हा नागपूर ४५ अंशांवर. सिएटलला एक दिवस आधी पोचलो ते फार बरं झालं, आईचे पाय सुजले होते, ते उतरायला रात्र मिळाली.

जुनोला सकाळी पाऊस आणि रोपवेचा माथा ढगात, म्हणून तो सोडला. शटलने ग्लेशियरला गेलो. बाबा आणि नवरा धबधब्याकडे चालत गेले, मी आणि आई केंद्राजवळच थांबलो. बर्फ निळा असतो हे फोटोत बघून मला रंग चढवलेला वाटायचा. खरोखर तसाच आहे, दाबाने हवा निघून गेलेल्या जुन्या बर्फाचा निळा. आईने विचारलं, हा मागे का सरकतोय, आणि केंद्रातल्या रेंजर बाईंनी तिला भिंतीवरचे जुने फोटो दाखवत दहा मिनिटं समजावून सांगितलं. मी मध्ये भाषांतर करत होते. सहलीत असतो तर बसची वेळ झाली म्हणून निघावं लागलं असतं, असं मला तेव्हा वाटलं.

परत येऊन जहाजावर जेवलो. दुपारी आईला घेऊन त्या वाचनालयात गेले. सिएटलवासी दादा, तुम्हाला किती धन्यवाद देऊ? ती खिडकीशी खुर्ची ओढून बसली. खाली पाण्यावरून छोटी विमानं उठत होती, पाण्यावर पांढरी रेघ ओढत जायची आणि रेघ संपली की विमान हवेत. तिने अकरा मोजली. मला म्हणाली, तू जा दुकानं बघून ये, मी इथे आहे. जी बाई जानेवारीत उतरायलाच तयार नव्हती ती परक्या देशातल्या गावात एकटी बसायला तयार झाली.

स्कॅगवे. गाडीचं तिकीट रेल्वेकडूनच काढलं होतं. बाबा पूर्ण वेळ डब्याच्या टोकाच्या सज्जात उभे होते, वाऱ्यात, कानटोपी भुवयांपर्यंत ओढून. मी दोनदा आत बोलावलं, आले नाहीत. वळणावर इंजिन दिसलं की त्यांचे ओठ हलायचे, डबे मोजत असावेत. वरती एका दरीवर जुना पोलादी पूल आहे, १९०१चा, १९६९ पासून वापरात नाही, तसाच गंजून उभा आहे. तो दिसला तेव्हा त्यांनी हात वर करून मला दाखवला, बोलले मात्र नाहीत. छिंदवाड्याची नॅरोगेज २०१५ मध्ये बंद झाली तेव्हाही ते असेच गप्प होते, ते मला तिथे आठवलं.

खाली आल्यावर स्टेशनाजवळ बर्फ कापायचं जुनं यंत्र प्रदर्शनासाठी रुळाच्या तुकड्यावर उभं केलंय, पुढे मोठं फिरतं पातं असलेलं. बाबा त्या पात्याकडे बघायच्या आधी खाली वाकले. एका रुळाच्या आतल्या कडेला अंगठा लावला आणि वीत टाकत दुसऱ्या रुळापर्यंत गेले. बरोबर चार विती. उठून हात झटकले आणि म्हणाले, "आपली सव्वातीनच्या थोडी वर भरायची." नवऱ्याने मोबाईलवर हिशेब करून बघितला. नऊ इंचांची वीत धरली तर तीन फुटांच्या चार विती होतात आणि अडीच फुटांच्या सव्वातीनला थोड्या जास्त. आम्ही तिथे वीस मिनिटं होतो, कुणी घाई केली नाही. आई बाकावर बसून चिवडा खात होती.

केचिकनला जहाज गावातच लागलं, पण वेळ कमी होता, सकाळी सात ते दुपारी एक. उन्हाळ्यात गावातून फुकट बस फिरते, तिने टोटेम हेरिटेज सेंटरला गेलो. त्लिंगिट आणि हैदा या तिथल्या मूळ रहिवाशांच्या ओस पडलेल्या जुन्या वस्त्यांमधून आणलेले एकोणिसाव्या शतकातले कोरीव खांब आहेत तिथे. रंग उडालेले, चिरा पडलेले. आई महालातल्या वाड्यात वाढलेली, ती एका खांबापाशी बराच वेळ थांबली आणि म्हणाली, आमच्या माजघराच्या खांबाला असाच वास यायचा. नंतर क्रीक स्ट्रीट, ओढ्यावर लाकडी खांब रोवून त्यावर उभी केलेली घरं. मेमध्ये ओढ्यात सॅमन नव्हते. पाऊस होता, जॅकेट होतं, काही बिघडलं नाही.

जहाजाकडून एकच सहल घेतली, जुनोच्या देवमाशांची, फुटाळा ताईंचं ऐकून. जुनोला जहाज रात्री दहापर्यंत होतं, म्हणून ती संध्याकाळची मिळाली. आई बोटीत निश्चिंत होती, तुमचं म्हणणं अगदी खरं निघालं ताई. दोन शेपट्या दिसल्या.

एक चूक सांगते. व्हिक्टोरियाला आम्ही संध्याकाळी गावापर्यंत चालत निघालो, नकाशावर दोन-अडीच किलोमीटर दिसत होतं. दिवसभराने थकलेल्या आईला ते फार झालं. अर्ध्या वाटेवरून टॅक्सी केली. विधानभवनाची दिव्यांची रोषणाई बघितली आणि टॅक्सीनेच परत. ज्यांच्यासोबत मोठी माणसं आहेत त्यांनी तिथे आधीपासूनच टॅक्सी करावी.

फुटाळ्याची_संध्याकाळ
१४ जून

विती मोजल्याचं वाचून डोळे भरून आले. बाबांना नमस्कार सांगा.

काटोल_रोड
१५ जून

घड्याळ कुणाच्या हातात होतं?

मोतीबागची_लेक
१५ जून

आईच्या. एचएमटी तिनेच मागून घेतलं. रोज रात्री पत्रकाशी जुळवायची आणि सकाळी गँगवेवर कर्मचाऱ्यांना विचारून खात्री करायची. आम्ही प्रत्येक ठिकाणी सव्वा तास आधी जहाजावर.

इतवारी_ते_अंबाझरी
१९ जून

धागा पूर्ण वाचला. आम्ही ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात जाऊन राहिलो, मुलं ९ आणि १२ वर्षांची. बंदरं तीच. ऑगस्टमध्ये काही वेगळं करावं का?

सिएटलवासी
१९ जून

ऑगस्टमध्ये केचिकनच्या ओढ्यात सॅमन दिसतील, प्रवाहाविरुद्ध उड्या मारताना. क्रीक स्ट्रीटवरून ओढ्याच्या काठाने वर चालत जा, माशांसाठी केलेल्या पायऱ्या लागतात. मुलांना तिथून हलवणं कठीण जाईल, म्हणून केचिकनला दुसरं काही ठरवू नका. जिथे मासे तिथे अस्वलं येऊ शकतात. मुलांना पुढे पळू देऊ नका, ताडोब्यात गाइड सांगतो तसं सोबत चाला आणि बोलत चाला. पाऊस मेपेक्षा जास्त असेल. मुलांसाठी पावसाळी पँटही घ्या, नुसतं जॅकेट पुरत नाही.

मेंडेनहॉलला निघण्याआधी त्या दिवशीची परिस्थिती धक्क्यावर विचारून घ्या. ग्लेशियरच्या वरच्या अंगाला पाणी साठतं आणि ते एकदम फुटून खाली पूर येतो. २०२३ आणि २०२४ दोन्ही वर्षी ऑगस्टमध्येच आला होता.

मोतीबागची_लेक
२० जून

आणि मुलांना स्कॅगवेला ते बर्फ कापायचं यंत्र नक्की दाखवा. बाबा म्हणतात, जायच्या आधी मोतीबागच्या नॅरोगेज म्युझियममध्ये एकदा घेऊन या, आपले रूळ आधी मोजून जाऊ द्या. रविवारी सकाळी ते मोकळे असतात.